डाव्या पायाचं परीक्षण

"अरे वा! आपल्यातच एक आदिवासी कन्या बसली आहे आणि आपल्याला ठाऊकच नाही! या, या. वर या. बोलून काय दाखवता, करून दाखवा."

हे वाक्य नंदुरबारच्या एका सभागृहात, माईकवरून, मला उद्देशून बोललं गेलं. बोलणारे आयोजक संस्थेचे कार्यवाह होते. निवृत्त प्राध्यापक. शहरात सगळे त्यांना सर म्हणतात. मीही म्हणते. मी तिसऱ्या रांगेत, पत्रकारांसाठी राखीव असलेल्या खुर्चीवर बसले होते. मांडीवर वही होती. गळ्यात आमच्या वर्तमानपत्राचं ओळखपत्र होतं. मी एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर म्हणून मला नाचायला सांगण्यात आलं.

टाळ्या वाजल्या. आधी मागच्या रांगांतून, मग पुढून. हे मी नंतर वहीत लिहून ठेवलं, म्हणून सांगू शकते.

मी चपला काढल्या. मी वर गेले.

हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचताना कोणी मला शूर समजू नये. पहिल्या वेळी मी गेले.

एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात मी सात वर्षं बातमीदार आहे. विसरवाडीच्या चौफुलीवरचे अपघात, जिल्हा परिषदेच्या सभा, प्रकाशा गावची यात्रा, पाणीटंचाई. जे पुढ्यात येईल ते. सांस्कृतिक कार्यक्रम हे आमच्याकडे कोणाचंच काम नव्हतं. आयोजकांकडून छापील मजकूर यायचा, त्यावर 'प्रतिनिधी' असं टाकून तो लागायचा. बहुतेक वेळा तो कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच आलेला असायचा. 'रसिकांनी भरभरून दाद दिली' हे वाक्य त्यात तयार असायचं. रसिक अजून घरीच असायचे.

म्हणून पुण्याहून समकालीन नृत्याचं एक मंडळ येणार असं कळलं तेव्हा मी कार्यालय प्रमुखांना म्हटलं, मला परीक्षण लिहायचंय. बातमी नाही. परीक्षण. नावासकट. प्रमुखांना सगळे आप्पा म्हणतात. ते शिंदखेड्याकडचे, घरात आणि कार्यालयात अहिराणीच बोलतात.

"परीक्षण? नाचनं?" ते हसले. "लिख ना माय. चारशे शब्द. पन कोन्हं मन दुखाडू नको."

परीक्षण म्हणजे निकाल. चांगलं की वाईट, आणि का. सात वर्षांत मी हजारो बातम्या लिहिल्या. त्यात माझं मत कुठेच नव्हतं, असायलाही नको होतं. या चारशे शब्दांत ते असणार होतं. मला तेच हवं होतं. बाकी काही नाही.

प्रयोगाचं नाव 'भार'. आठ नर्तक, चार मुली, चार मुलगे, सगळ्यांचे कपडे राखाडी. माहितीपत्रकात लिहिलं होतं, सातपुड्यातील आदिवासी लोकनृत्यावर आधारित. असं वाक्य वाचलं की मी सावध होते. 'आधारित' या शब्दाखाली बरंच काही लपवता येतं. तरी मी ठरवलं होतं, पत्रकावर नाही, जे दिसेल त्यावर लिहायचं.

जे दिसलं ते असं. ढोलाचा ठेका ध्वनिमुद्रित होता. आठ जण आठ प्रकाशझोतांत लांब लांब उभे. उजवा पाय ठेक्यावर पडायचा. डावा अर्ध्या मात्रेने मागून यायचा, घासत, टाच न टेकवता. पुन्हा उजवा. पुन्हा घासत डावा. पाऊण तास ही एकच हालचाल वाढत, मोडत, पुन्हा जुळत गेली. नर्तक तयारीचे होते. एक मुलगी पडायची आणि हातांचा आधार न घेता उठायची. तिच्यावरून नजर हलत नव्हती. हे मी वहीत लिहिलं. समासात आणखी एक ओळ लिहिली: 'हा पाय मी पाहिलाय. कुठे?'

त्या ओळीवर माझा विश्वास नव्हता. अंधाऱ्या सभागृहात ढोल वाजला की माणसाला काहीही ओळखीचं वाटू शकतं.

प्रयोगानंतर चर्चा होती. नृत्यदिग्दर्शिका रेवती मॅडम मंचावर बसल्या. चाळिशीच्या, आवाज शांत, बोलणं मोजकं. मी उभी राहिले, नाव सांगितलं, वर्तमानपत्राचं नाव सांगितलं आणि विचारलं, "डावा पाय घासण्याची ही हालचाल तुम्हाला नेमकी कुठे, कोणाच्या नाचात दिसली?"

त्या म्हणाल्या, "ती आम्हाला समाजाच्या शरीरात सापडली. शतकानुशतकांचं ओझं आहे त्या पायात. आदिवासी पाय जमीन सोडायला तयार नसतो."

मी कोणाच्या नाचात असं विचारलं होतं. उत्तर समाज असं आलं. बातमीदाराला असं उत्तर मिळालं की त्याने पुन्हा विचारायचं असतं. मी चूक केली. मी पुन्हा विचारण्याऐवजी सांगितलं. "मी त्याच भागातली आहे. अक्कलकुव्याच्या वर, डोंगरातला आमचा पाडा. लहानपणापासून मी फेरात नाचले आहे. आमच्यात असा पाय कोणी घासत नाही."

त्यावर सरांचं ते वाक्य आलं.

मंचावर मी एकटी होते. फेर एकट्याने होत नाही, त्याला दोन्ही बाजूंना हात लागतात. कोणीतरी ढोलाची फीत लावली. मी आठ-दहा पावलं टाकली. समोर मोबाइल वर आलेले. आमच्याच वर्तमानपत्राचा छायाचित्रकार खाली वाकून म्हणाला, "ताई, इकडे बघा. थोडं हसा ना."

मी हसले. तेही आधीच सांगून टाकते.

मग रेवती मॅडम माईकवरून आपल्या नर्तकांना म्हणाल्या, "तिच्या डाव्या पायाकडे बघा. येतोय ना? तिला स्वतःला माहीत नाही. पण येतोय."

सभागृह खूश झालं. मी खाली उतरले. चपला घालायला वाकले तेव्हा कोणीतरी पाठीवर थाप मारली. "रक्तातच असतं हो ते." कोण होतं ते मी पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी मी परीक्षण दिलं नाही. आप्पांना फोन करून सांगितलं, एक गोष्ट पडताळायची आहे, दोन दिवस द्या. ते बरं म्हणाले. सकाळी अंक आला. तिसऱ्या पानावर आयोजकांचा मजकूर होता, वर 'प्रतिनिधी'. शेजारी तीन स्तंभी छायाचित्र. अनवाणी पाय, हसरा चेहरा, गळ्यातलं ओळखपत्र कापून काढलेलं. खाली ओळ: 'प्रयोगानंतर स्थानिक आदिवासी युवतीने उत्स्फूर्तपणे ठेका धरला.'

नाव नाही. त्या वर्तमानपत्रात सात वर्षं काम करणारी बातमीदार, त्याच वर्तमानपत्रात स्थानिक युवती झाली होती.

कार्यालयात गेले तर पानं लावणारा दादा म्हणाला, "काय ताई, आम्हले बी शिकाडा ना नाच! पुढला महिनामा मन्हा सालानं लगीन शे."

सगळे हसले. मीही. तिसऱ्यांदा सांगते, मीही.

आप्पा हसले नाहीत. "फोटो झकास उना," एवढंच म्हणाले.

"माझं नाव का नाही, आप्पा?"

"नाव टाकतू तं लोके काय म्हंतात? पेपरवाली नाचस. तुन्हासाठेच नही टाकं."

ते खरंच माझ्यासाठी होतं का, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. आप्पा वाईट माणूस नाही. पण ओळखपत्र कापायचं कोणाला सुचलं, हे मी विचारलं तर कोणालाच आठवेना.

दुपारी कार्यालयात कोणी नसताना मी संगणकावर माझ्या त्या आठ-दहा पावलांची चित्रफीत उघडली. गावातल्या लोकांच्या चार मोबाइल गटांवर ती फिरत होती. मी ती वेग कमी करून पाहिली. एकदा. पाच वेळा. उजवा पाय ठेक्यावर. डावा अर्धी मात्रा थांबून. घासत नव्हता. पण थांबत होता. प्रत्येक वेळी.

म्हणजे सभागृहात मी जे ठामपणे बोलले होते ते चूक होतं. आमच्यात निदान एक जण तसं पाऊल टाकत होती. ती मी होते.

त्या बाई बरोबर असतील तर? समाजाच्या शरीरात, रक्तात, शतकानुशतकं. असलं काही खरंच असेल तर? मी विद्यापीठात शिकलेली, चार ओळींच्या बातमीलाही दोन माणसांकडून खात्री करून घेणारी. आणि माझाच पाय माझ्याविरुद्ध साक्ष देत होता.

रविवारी मी घरी गेले. एसटीने अक्कलकुवा, तिथून जीप, शेवटची चढण पायी. बाप अंगणात तुरीच्या शेंगा बडवत बसला होता. आमच्या घरी भिली बोलतात. त्याचं बोलणं मी इथे मराठीत देते आहे.

मी त्याला मोबाइलवर 'भार'ची जाहिरातफीत दाखवली. काही बोलले नाही. त्याने हातातलं दांडकं खाली ठेवलं, डोळे बारीक करून पाहिलं आणि हसायला लागला.

"आठही जण?" तो म्हणाला. "सगळ्यांच्या पायावरून ट्रॉली गेली का?"

मी चार वर्षांची असताना प्रकाशा गावाच्या पलीकडे, तापीकाठच्या एका गावात, ऊसतोडीवर असताना भरलेल्या ट्रॉलीचं चाक माझ्या बापाच्या डाव्या पायावरून गेलं. मुकादमाने त्याला दवाखान्यात नेलं नाही, हाड बसवणाऱ्याकडे नेलं. हाड बसलं, तिरकं बसलं. तेव्हापासून तो पाय उशिरा येतो. टाच टेकत नाही. मी हा पाय रोज पाहत मोठी झाले, म्हणून तो मला सभागृहात ओळखता आला नाही. घरातली माणसं आपण पाहत नाही.

"हे कुठून घेतलं त्यांनी?" मी विचारलं.

"खेमाच्या पोरीच्या लग्नात आली होती ना ती बाई. शाळेच्या गुरुजीबरोबर. फोन धरून उभी होती. चांगली होती बाई. दोनदा भात मागून घेतला."

एकाचं सांगणं पुरेसं नसतं. मी खेमाकाकाकडे गेले. पाड्यातलंच घर, वरच्या अंगाला. फेरात तो वर्षानुवर्षं माझ्या बापाच्या डाव्या हाताला उभा राहतो. मी त्याला बापाने सांगितलेलं काही सांगितलं नाही. फक्त फीत दाखवली आणि विचारलं, हा कोणाचा पाय?

"तुझ्या बापाचा," तो म्हणाला. मग जवळ घेऊन पाहिलं. "नाही, माझा. थांब. सगळ्यांचाच झालाय की हा."

मग त्याने जे सांगितलं ते मी शब्दशः उतरवून घेतलं. "आमच्यात साखळी तुटू द्यायची नसते. हात सुटला की ढोल बंद, पुन्हा पहिल्यापासून. तुझ्या बापाचा पाय उशिरा यायचा. मी पुढे गेलो असतो तर हात सुटला असता, तो पडला असता. म्हणून मी थांबायचो. मी थांबलो की माझ्या पलीकडचा थांबायचा. असं करत ढोलवालाही थांबायला लागला. आता या पाड्याचा फेरच तसा झालाय. खालच्या पाड्याचे लोक हसतात आम्हाला. म्हणतात, तुमचा ढोल म्हातारा झाला."

"आणि मी?" मी विचारलं. "मला का लागला तो?"

"तू लहानपणी कुठे लटकायचीस? बापाच्या आणि माझ्या मध्ये."

म्हणजे रक्त नव्हतं. शतकं नव्हती. एका उसाच्या ट्रॉलीपासूनचा काळ होता. जमीन न सोडणारा पाय नव्हता, मोडलेला पाय होता. आणि त्याच्याभोवती तीस-चाळीस माणसं होती, जी अर्धी मात्रा थांबत होती. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. कोणी त्याला नाव दिलं नव्हतं.

संध्याकाळी निघताना बापाने फीत पुन्हा मागून पाहिली. आता हसला नाही.

"यांनी हात धरले नाहीत?"

"नाही. लांब लांब उभे होते. शेवटपर्यंत."

"मग थांबत कोणासाठी होते?"

ते मी वहीत लिहिलं. ज्या बाईने अभ्यास केला होता तिला, नाट्यगृहं पाहिलेल्या सरांना, आणि मलाही जो प्रश्न सुचला नाही तो त्याला सुचला होता. मी त्याला विचारलं, हे छापू का? नाव घालून?

"पायाचं लिही," तो म्हणाला. "नाव कशाला? पाय पाहिला की लोक ओळखतात."

सोमवारी मी परीक्षण लिहिलं. तीनशे ऐंशी शब्द. पहिल्या परिच्छेदात नर्तकांच्या तयारीबद्दल, त्या पडणाऱ्या-उठणाऱ्या मुलीबद्दल. दुसऱ्यात माझी चूक: चर्चेत मी केलेलं विधान चुकीचं होतं, पावलातला तो थांबा आमच्या पाड्याच्या फेरात आहे, माझ्याही पायात आहे. तिसऱ्यात तो कुठून आला, दोन माणसांच्या सांगण्यासह. त्यातला एक माझा बाप आहे, हे उघड सांगून. शेवटी निकाल. तो असा होता:

'दिग्दर्शिकेने एक जखमी पाऊल पाहिलं आणि ते अचूक टिपलं. त्या पावलासाठी थांबलेली माणसं तिने पाहिली नाहीत. म्हणून मंचावर आठही जण लंगडत होते आणि कोणीही कोणासाठी थांबत नव्हतं. ओझं दाखवणाऱ्या या प्रयोगात ओझं वाटून घेणारं कोणी नाही. हा प्रयोग कौशल्याचा आहे आणि चुकीचा आहे.'

आप्पांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला.

"तुन्हा बाप शे त्यामा. परीक्षण तू कशी लिखशी? तुले राग उना व्हई."

"राग कुठल्या ओळीत आहे, आप्पा? दाखवा. ती काढते."

त्यांनी तिसऱ्यांदा वाचलं. ते जुने बातमीदार आहेत, ओळ शोधत होते. सापडली नाही.

"नही दखास," ते म्हणाले. "पन लोके म्हनतीन."

मग त्यांनी मला दुसरं काही देऊ केलं, आणि मी ते नीट लक्षात ठेवलं आहे. म्हणाले, हे परीक्षण म्हणून नको. लेख लिही. लंगड्या नर्तकाची लेक सांगते आहे असा. बापाचा फोटो, पायाचा फोटो, ऊस, ट्रॉली, तुझं शिक्षण. रविवारच्या अंकात. "अर्धं पान देस. वाचनाऱ्याले रडू येवाले पाह्यजे."

मी खुर्चीवरून उठले नाही. मला पहिल्यांदा सगळं एका रेषेत दिसलं. मंचावर बोलावणारे सर, फोटोत हसायला सांगणारा, पायाकडे बघा म्हणणाऱ्या बाई, आणि हे चांगले, समजूतदार आप्पा. माझ्याकडून नाच हवा होता. हसू हवं होतं. आता रडू हवं होतं. माझ्या दुःखाला अर्धं पान होतं. माझ्या मताला चारशे शब्द नव्हते.

"लेख नाही लिहिणार," मी म्हटलं.

"इचार कर."

"केला."

परीक्षण लागलं नाही. आज मी हे सगळं सांगते आहे, पण ते त्या परीक्षणानंतर. त्याच्या जागी नाही. कोणी या लिखाणाला अर्धं पान देऊन ते परीक्षण विसरू पाहत असेल तर त्याने हे वाचू नये.

सहा आठवडे गेले. त्याच संस्थेने चर्चासत्र ठेवलं. विषय: समकालीन नृत्य कसं पाहावं, कसं लिहावं. पुण्याचं मंडळही येणार होतं. पत्रिका कार्यालयात आली. वक्त्यांची नावं होती, अध्यक्षांचं नाव होतं. तळाशी, चहापानाच्या वरच्या ओळीत, माझं नाव होतं. या वेळी पूर्ण नाव. पुढे: 'पारंपरिक ठेका — सादरीकरण'.

मला कोणी विचारलं नव्हतं. मी सरांना फोन केला.

"अहो बेटा, दोन मिनिटांचं आहे. तुमचा मान आहे हा. त्या दिवशी काय रंगत आणलीत!"

"सर, मी परीक्षण लिहिलं आहे. ते वाचते."

"परीक्षणावर तज्ज्ञ बोलतील ना. तुम्ही फक्त या. आणि हो, तुमच्याकडचं ते पारंपरिक लुगडं असेल तर..."

मी नेहमीच्या कपड्यांत गेले. सलवार-कमीज, ओळखपत्र, वही. तिसरी रांग. दोन वक्त्यांनी समकालीन नृत्याचं परीक्षण करताना तटस्थता किती महत्त्वाची असते ते सांगितलं. त्यांपैकी एकाने 'भार' पाहिलेला नव्हता. तो त्याने माहितीपत्रकावरून समजावून सांगितला. मी ते लिहून घेतलं.

मग सरांनी माझं नाव पुकारलं. ढोलाची फीत सुरू झाली. टाळ्या.

मी उठले. उभी राहिले. तिथेच.

"मी नाचणार नाही," मी म्हटलं. "मी लिहिलं आहे. ते वाचते."

फीत चालूच होती. सर हसत म्हणाले, "अहो, लाजता काय? मंचावर तर या."

"इथूनच वाचते. ढोल बंद करा."

कोणी बंद करेना. मी थांबले. मला थांबता येतं. लोक माना वळवून पाहू लागले. मागून कोणीतरी म्हणालं, "भाव खाई ऱ्हायनी." दुसरं कोणी म्हणालं, "आयकू तर द्या ना भो, काय म्हणस ती." शेवटी फीत बंद झाली.

माईक मला मिळाला नाही. मी बिनमाईकचं वाचलं. तीनशे ऐंशी शब्द, एकही न गाळता. माझी चूकही वाचली. 'तो माझा बाप आहे' हेही वाचलं. निकाल वाचला. वाचताना माझा आवाज दोनदा कापला. तो मी सावरला, कारण त्यांना कापरा आवाज आवडला असता.

मी बसणार इतक्यात रेवती मॅडम मंचावरून उठल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं होतं, असं मला वाटतं. त्या म्हणाल्या, "मला हे माहीत नव्हतं. मी चुकले."

हे त्या बोलल्या, आणि ते मी इथे नोंदवते. तिथेच त्या थांबल्या असत्या तर मी हे लिहिलं नसतं.

"पण हे किती सुंदर आहे!" त्या पुढे म्हणाल्या. "एकमेकांसाठी थांबणं. हे आपण प्रयोगात घेऊ. पुढच्या वेळी नर्तक हात धरतील. आणि तुमच्या वडिलांना आपण मंचावर आणू. तुम्ही दोघांनी मध्ये उभं राहायचं. तुमचं हे लिखाण पार्श्वभूमीला वाचलं जाईल."

टाळ्या सुरू झाल्या. मोठ्या. सरही उठून वाजवत होते. एका मिनिटात माझं परीक्षण त्यांच्या प्रयोगाचा भाग झालं होतं. मी दोष दाखवला होता; त्यांच्या हाती ती नवी कल्पना म्हणून पडली. बाप मध्ये उभा. लोक रडणार.

"नाही," मी म्हटलं.

टाळ्यांत ते ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हटलं. मग तिसऱ्यांदा, टाळ्या थांबल्यावर.

"मी परीक्षण वाचलं आहे. सूचना दिलेली नाही. तुम्ही हात धरायचे की नाही ते तुमचं. मी ते पाहीन आणि पुन्हा लिहीन. माझे वडील मिळणार नाहीत. मीही मिळणार नाही. आणि हे लिखाण वापरायचं असेल तर पूर्ण वापरा, शेवटच्या वाक्यासकट."

शेवटचं वाक्य 'हा प्रयोग कौशल्याचा आहे आणि चुकीचा आहे' हे होतं.

रेवती मॅडम खाली बसल्या. सर माईकवर म्हणाले, "कलेच्या प्रांतात इतकी कटुता बरी नव्हे." आणि चहापान जाहीर केलं. चहाच्या टेबलाशी माझ्याशी कोणी बोललं नाही. मी दोन कप चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी मला बोलावलं. सरांचा फोन येऊन गेला होता.

"आते काही दिन बाजार समिती दख," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

तेव्हापासून मी मिरचीचे भाव लिहिते. आवक, जास्तीत जास्त, कमीत कमी, सरासरी. रोज. व्यापारी ठसक्याने खोकतात, मीही खोकते. ही शिक्षा आहे असं कोणी म्हणालेलं नाही. बदली आहे असंही नाही. मी आप्पांना लेखी विचारलं आहे. उत्तर आलेलं नाही. अर्जाची प्रत माझ्याकडे आहे.

नोकरी सोड असं मला बरेच जण सांगतात. सांगणाऱ्यांकडे मी नीट पाहते. माझ्या जाण्याने कोणाची सोय होईल, हे आधी तपासते. मी सोडणार नाही.

या जिल्ह्यात नाचाचा जो प्रयोग होईल त्याला मी जाणार. तिकीट काढून. सभागृहात असो, शाळेच्या मैदानावर असो, आमच्या पाड्यातल्या लग्नात असो. वाईट असेल तर वाईट लिहीन. चांगला असेल तर चांगला लिहीन, मग तो पुण्याच्या मंडळाचा का असेना. आमचा फेर कंटाळवाणा झाला तर तेही लिहीन आणि पाड्यात नेऊन वाचून दाखवीन. मी कोण, कुठली, कोणाची, हे प्रत्येक वेळी पहिल्या ओळीत सांगेन, म्हणजे ते शोधून काढल्याचा आनंद कोणाला मिळणार नाही. छापलं नाही तर उभी राहून वाचीन. नाचून दाखव म्हणाले तर बसून राहीन. रडून दाखव म्हणाले तरी बसून राहीन.

आमच्या नाचावर आजवर सगळ्यांनी बोलून घेतलं. आता त्यांच्या नाचावर मी बोलणार, आणि ते समोर बसून ऐकणार.